स्वयंपाकघरातला सिग्नल

माझ्या नवऱ्याला दोन घरं आहेत. एक आम्ही राहतो ते, विजापूर रस्त्याच्या आतल्या नव्या प्लॉटिंगमधलं, आणि दुसरं त्याच्या मोबाईलमधलं. मोबाईलमधल्या घरात सगळं दिसतं. टाकी किती भरली ते दिसतं, कुठले दिवे चालू ते दिसतं, छतावरचे सोलरचे पॅनेल आत्ता किती वीज देतायत ते दिसतं. फक्त माणसं दिसत नाहीत. दिपक चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. जेवणाच्या सुट्टीत तो डबा उघडायच्या आधी मोबाईल उघडतो. मी काही बोलले की म्हणतो, "तुला नाही कळायचं." हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं, हे आधीच सांगून टाकते.

पॅनेल बसवले थंडीत. त्यांच्याबरोबर जिन्याखालच्या भिंतीवर एक पांढरी पेटी आली, इन्व्हर्टर. पॅनेलची वीज घराला चालेल अशी करून देते ती पेटी. कंपनीने त्यासाठी मोबाईलवर ॲपही दिलं होतं. कुणीही शहाणा माणूस तिथे थांबला असता. दिपकचं म्हणणं, ते ॲप शिळे आकडे दाखवतं आणि आमची टाकीची मोटार, गिझर, दिवे ज्या दुसऱ्या यंत्रणेवर चालतात तिच्याशी ते बोलत नाही. मग त्याने इन्व्हर्टरपासून फ्रिजवरच्या कपाटापर्यंत वायर ओढली, हॉलच्या बाजूने उघडणाऱ्या त्या कपाटात पुस्तकाएवढा एक छोटा कॉम्प्युटर ठेवला आणि कित्येक सुट्ट्या त्याच्यासमोर मान घालून काढल्या. शेवटी एकदाची ती पेटी त्या कॉम्प्युटरशी बोलायला लागली. त्या दिवशी तो इतका खूश होता की मीच शिरा केला.

"आता यातलं आईला कळेल असं काहीतरी पाहिजे," शिरा खाता खाता तो म्हणाला.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, केसरबाई. मी त्यांना आत्या म्हणते. माझे सासरे रेल्वेत गेटमन होते, कुर्डुवाडी-पंढरपूर लाईनवरच्या एका फाटकावर. दिपकचं लहानपण त्या फाटकाशेजारच्या खोलीतच गेलं. सासरे रिटायर झाल्यावर त्यांनी करकंबला घर बांधलं, आणि ते वारल्यावर आम्ही आत्यांना सोलापूरला आणलं. आत्यांची अक्षरओळख बेताची. मोबाईल आला तर उचलायचा आणि कानाला लावायचा, एवढंच. पण लाल आणि हिरवं यातलं त्यांना जितकं कळतं तितकं आमच्या अख्ख्या कॉलनीत कुणाला कळत नसेल. सासरे म्हणायचे, "बत्तीला का म्हणून इचारायचं न्हाय." एकदा लग्नाचं वऱ्हाड फाटकाशी अडलं, नवरदेवाचा काका त्यांच्या अंगावर धावून गेला, शर्ट फाटला, पण फाटक काही उघडलं नाही. ही गोष्ट सांगताना आत्यांची मान अजून ताठ होते.

तर दिपकने स्वयंपाकघराच्या चौकटीवर, आतल्या बाजूने, एक गोल दिवा बसवला. दिवा हिरवा झाला म्हणजे छतावरची वीज घराला पुरून उरतेय, खुशाल वापरा. लाल झाला म्हणजे बाहेरच्या लाईनीची वीज घ्यावी लागतेय, जरा हात आखडता घ्या. संध्याकाळी त्याने आत्यांना दिव्यासमोर खुर्चीत बसवलं आणि मोबाईलवर बोट दाबून दाखवलं.

"हा बघ आई, हिरवा. आता हा लाल. कळलं?"

"कळलं की. हिरव्याला सोडायचं, लालला थांबायचं."

"बरोब्बर. मशीन, मिक्सर, फॅन, काय पायजे ते लाव. फक्त दिवा बघून."

"तुज्या बापानं जलमभर त्येच केलं," आत्या म्हणाल्या आणि पदर सारखा करून पुन्हा एकदा दिव्याकडे बघितलं.

तो दिवस सोडला तर दिपकने स्वयंपाकघरात पाऊल टाकल्याचं मला आठवत नाही. पाणी, चहा, ताट, सगळं हॉलमध्ये हातात. हे मी चिडून सांगतेय असं वाटेल, आणि मी चिडलेलीच आहे. पण पुढे जे झालं त्यात या गोष्टीचाही हात आहे, म्हणून सांगून ठेवते.

उन्हाळा लागला आणि दिपकचा जीव थाऱ्यावर राहीना. सोलापूरचं ऊन म्हणजे पॅनेलला मेजवानीच. त्याच्या मोबाईलवर दोन रेषा असतात. एक पॅनेलची, ती सकाळी चढते, दुपारी वरच्या कडेला टेकते, संध्याकाळी उतरते. दुसरी घराची. ही दुसरी रेष भरदुपारी तळाला चिकटून पडलेली असायची आणि दिवेलागणीनंतर, पॅनेल थंडावल्यावर, एकदम उसळायची.

"बघ हे, बघ," तो जेवतानाही मोबाईल माझ्या नाकापुढे धरायचा. "दुपारी घरात काहीच चालू नाही. सगळी वीज बाहेर चाललीय. आणि आता अंधार पडला की मशीन, मिक्सर, इस्त्री. आई मुद्दाम करते का?"

"बिलात फार फरक पडत नाही म्हणालात की."

"बिलाचं नाही गं. आपली वीज आपल्या घरात लागली पाहिजे. एवढी सिस्टीम कशासाठी केली मग?"

मग हात न धुताच तो हॉलमध्ये येरझाऱ्या घालायचा आणि तिथूनच आवाज द्यायचा, "आई, मशीन दुपारी लावत जा की! किती वेळा सांगायचं?"

आतून मशीनचा आवाज तेवढा बंद व्हायचा. अर्धवट धुतलेले कपडे तसेच फेसात पडून राहायचे आणि सकाळी ते मी पिळायचे.

आता तुम्ही विचाराल, संध्याकाळी तो दिवा कुठल्या रंगाचा असायचा? हिरवा. मी रोज बघत होते. आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण इन्व्हर्टर म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे लाईट गेल्यावर चालणारा, बॅटरीवालाच येतो. माझ्या माहेरी तसलाच होता. तो आधी भरून घ्यायचा आणि लागेल तेव्हा वापरायचा. मला वाटलं, हे पण तसंच असणार, दिवसभर वर साठतं आणि संध्याकाळी आपण खर्च करतो. आपल्याकडे बॅटरीच नाही हे दिपकने कधी सांगितलं असेलही. त्याच्या त्या बोलण्यातलं निम्मं मी ऐकत नाही.

माझं दुकान नवी पेठेतल्या एका बोळात आहे, ब्लाऊज आणि फॉल-पिकोचं. लगीनसराईत मला मान वर करायला फुरसत नसते. सकाळी ऊन चढायच्या आत निघते, परत येते ती दिवे लागल्यावर. दिपकचंही तेच; त्या दिवसांत दोघांनाही रविवारची सुट्टी नव्हती. दुपारी घरात आत्या एकट्या. दुपारीच त्याचे मेसेज यायचे, आईला नाही, मला. आईला मशीन लावायला सांग. आईला सांग आत्ता भरपूर वीज आहे. आई फोनवर मोठ्याने बोलते, कामावर बरं दिसत नाही, असं त्याचं कारण. मी ते मेसेज वाचायचे आणि परत शिलाई मशीनवर पाय ठेवायचे. गिऱ्हाईक डोक्यावर उभं असताना मी काय घरच्या मशीनची चौकशी करत बसू?

एप्रिल सरता सरता आत्या बदलल्या. जेवण निम्म्यावर आलं. चेहरा सुकला. मी घरी यायचे तेव्हा त्यांच्या पदराचं टोक ओलं असायचं आणि स्वयंपाकघरातल्या फरशीवर ओलं गोणपाट पसरलेलं असायचं. फॅन मात्र पाचावर गरगरत असायचा, आणि त्या त्याच्याखाली तोंड वर करून बसलेल्या असायच्या.

"आत्या, बरं नाही का?"

"बरं हाय की. घर लई तापतंय."

"डॉक्टरकडे जाऊ या का?"

"डाक्टर काय करतोय ऊनाला?"

एक दिवस म्हणाल्या, "करकंबला जाऊन यीन म्हणते. तितं लिंबाखाली पडलं की बरं वाटतंय." त्यानंतर आठवडाभरात म्हणाल्या, "करकंबला जाते." जाऊन यीन नाही, जाते. आपल्यात कुणी घरातून निघताना जाते म्हणत नाही, येते म्हणतात.  दुसऱ्या दिवशी दाराआड एक कापडी पिशवी दिसली. आत दोन लुगडी आणि बीपीच्या गोळ्या.

माझ्या मनात नाही नाही ते यायला लागलं. सासू घर सोडून गावी गेली की लोक मुलाकडे बघत नाहीत, सुनेकडे बघतात. मी काय केलं? भाजीत तिखट जास्त पडलं? कधी तोडून बोलले? दुकानात कात्री हातात धरून मी हाच विचार करत बसायचे. त्या नादात एका नवरीच्या ब्लाऊजच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. कापड जरीचं, जास्तीचं मिळणारं नाही. तिच्या आईने भर बोळात माझा उद्धार केला आणि मी ऐकून घेतलं.

त्याच संध्याकाळी मी दिपकला म्हटलं, "आत्या करकंबला जाते म्हणतायत."

"जाऊ दे की. जरा बदल होईल," तो म्हणाला. डोळे मोबाईलवर. "परत आज तेच बघ, दुपारी सगळं सपाट."

आत्या पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि आत गेल्या. दिपकने पाहिलंही नाही. मी त्याला तिथेच बोलायला हवं होतं, पण जरीच्या कापडाने माझं तोंड आधीच बंद करून ठेवलं होतं.

पौर्णिमा जवळ आली होती, बुद्ध पौर्णिमा. त्या आठवड्यात तर ऊन असं होतं की नवी पेठेत दुपारी कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. मी दुकानाचं शटर अर्धं ओढून काज-बटणं करत होते, तेवढ्यात शेजारच्या काशम्माचा फोन आला. ती रोज दुपारी आत्यांना ताक आणून देते.

"साक्षी, तुझी सासू दार उघडंना बघ. मी लई हाका मारल्या. आतनं आवाज पण नाही. लवकर ये."

रिक्षात बसले तेव्हा सीट तव्यासारखी तापलेली होती. मी मांडीखाली ओढणी घेतली आणि सारखा आत्यांचा फोन लावत राहिले. वाजत होता, कुणी उचलत नव्हतं. रिक्षावाला काहीतरी बोलत होता ते मला कळत नव्हतं. आत्यांना काही झालं तर, एवढंच डोक्यात, आणि त्याच्या मागोमाग दिपकचं ते "जाऊ दे की".

माझ्याकडच्या चावीने दार उघडलं. घरात भट्टीची धग. एकही फॅन चालू नाही, कसला आवाज नाही. आत्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसल्या होत्या, गोणपाटावर. गोणपाट वाळून कडक झालेलं. तोंड लालबुंद, अंगाला घामाचा टिपूस नाही, ओठ फाटलेले. डोळे अर्धे उघडे आणि समोरच्या चौकटीकडे लागलेले. चौकटीवर दिवा लाल होता.

मी धावत जाऊन फॅनचं बटण दाबलं. आत्यांनी हात उचलला.

"बंद कर. लाल हाय."

"काय लाल हाय? मराल की आत्या!"

"लाल हाय गं. दुपारभर लालच असतंय. भरतंय वर." त्यांना दम लागत होता. "नळ आल्यावर कोन अंगुळीला बसतं व्हय? आदी भरून घ्यायचं. वापरायचं मागनं."

आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, चार-पाच दिवसांनी येतं. आलं की घरातलं सगळं सोडून हौद, टाकी, हंडे, बादल्या भरायच्या. तेव्हा कुणी कपडे धुवायला काढले तर आत्या त्याला सोडत नाहीत. विजेलाही त्यांनी तोच नियम लावला होता. आणि मीही वेगळं काय समजत होते? त्यांना दुपारी लाल दिसत होतं, मला संध्याकाळी हिरवं दिसत होतं, आणि दोघींचा हिशोब एकमेकींशी नीट जुळत होता.

काशम्मा त्यांच्या डोक्यावर पाणी थापत होती, चमच्याने मिठाचं ताक पाजत होती. मी दिपकला फोन लावला.

"आत्ता पॅनेल किती वीज देतायत?"

मी आपणहून असं काही विचारतेय म्हणून तो खुलला. "अगं फुल! आणि घर काहीच घेत नाहीये. सगळी बाहेर चाललीय, मी आत्ता तेच बघत होतो."

"मग तुमचा दिवा लाल का आहे?"

"लाल? लाल कसा असेल?"

"मी त्याच्यासमोर उभी आहे. लाल आहे. रोज दुपारी लाल असतो आणि संध्याकाळी हिरवा असतो. तुमची आई उन्हाळाभर भरदुपारी फॅनशिवाय बसलीय. इथं पडलीय ती, येता का तिचा पण ग्राफ बघताय?"

पलीकडे मशिनरीचा घरघराट तेवढा ऐकू येत होता. मग तो म्हणाला, "आलो."

कोपऱ्यावरच्या दवाखान्यात आत्यांना सलाईन लावलं. डॉक्टर बाई माझ्यावरच डाफरल्या. "वयस्कर माणसाला असं ठेवतात? घरात फॅन नाही का?"

"आहे," मी म्हटलं. "सोलर पण आहे."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. थोड्या वेळाने दिपक आला. कारखान्याचा निळा शर्ट घामाने अंगाला चिकटलेला, हेल्मेट डोक्यावर तसंच. तो कॉटच्या पायथ्याशी उभा राहिला, आत्यांच्या पायाला हात लावला आणि हेल्मेट काढायचं विसरून गेला.

संध्याकाळी आत्यांना घरी आणलं. त्यांना हॉलमध्ये फॅनखाली झोपवून मी चहा ठेवायला आत गेले तर माझ्यामागे दिपक आला. स्वयंपाकघरात. त्याने मान वर करून चौकटीकडे बघितलं. बाहेर अंधार पडला होता, पॅनेल कधीच थंडावले होते, आणि दिवा मस्त हिरवागार होता. दिपक तिथेच त्या वाळक्या गोणपाटावर बसला.

चूक सापडायला वेळ लागला नाही. इन्व्हर्टरकडून जे आकडे येतात त्यात एक बाहेरच्या लाईनीचा असतो. घरातून वीज बाहेर चालली की तो वजा होतो, बाहेरून घरात यायला लागली की अधिक. दिपकने ते उलटं धरलं होतं. मोबाईलवरच्या रेषांना हा आकडा लागत नव्हता म्हणून रेषा बरोबर होत्या, दिवा तेवढा उलटा. रंग त्याने बोट दाबून तपासले होते. दिवा आपणहून कधी बदलतो हे भरदुपारी चौकटीखाली उभं राहून कधी बघितलंच नव्हतं. सगळ्या घराची खबर ठेवणारा माणूस, आणि आपल्या डोक्यावरचा दिवा त्याला दिसला नव्हता. मी हे त्याला ऐकवलं. पहिल्यांदाच तो मला कळायचं नाही असं म्हणाला नाही.

तो बाहेर जाऊन आत्यांच्या उशाशी बसला.

"आई, दिवा उलटा होता. माझी चूक झाली. दुपारी हिरवा पायजे होता."

आत्यांनी मान त्याच्याकडे वळवली.

"म्हंजे तू दाबत न्हवतास?"

"काय?"

"लाल. तितनं, कामावरनं. पैल्या दिवशी बोट लावून दाखवलंस की. मला वाटलं तूच दाबतोयस."

दिपकचं तोंड उघडं राहिलं. "मी? अगं आई, मी कशाला दाबू? ते आपोआप होतं."

"मला काय ठावं आपोआप? मी म्हनलं, पोराला मोबाईलमदी दिसतंय, आई बसलीया. नको म्हनतोय म्हंजे काय तरी कारन आसंल. वर भरत आसंल. तुज्या बापानं बत्तीला कदी का म्हनून इचारलं न्हाय, मी कशाला इचारू?" त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. मी पाणी दिलं. दोन घोट घेऊन त्या म्हणाल्या, "पर दुपारी तूच लाल दावायचास, आन् सांजच्याला तूच वरडायचास, दुपारी का लावत न्हाईस म्हनून. मग मी समजले."

"काय समजलीस?"

"की ह्येला आता आपुन नको झालोय. तोंडानं म्हनता येत न्हाय, म्हनून आसं करतोय. भरली पिशवी."

दिपकने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी त्याला सासरे वारले तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं. दिवसभर मला त्याचा इतका संताप आला होता की तो असा बसलेला बघून बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.  मला वेगळंच एक खटकत होतं, ते मी विचारलं.

"पण आत्या, हॉल जरा तरी गार असतो. तुम्ही दुपारभर स्वयंपाकघरातच का बसायचात?"

"दिवा तितं हाय की," त्या म्हणाल्या. "लाल तर लाल. पोरगं हाय समोर, असं वाटायचं."

 वर फॅन फिरत होता. थोड्या वेळाने दिपक उठला. "आता दुरुस्त केलाय मी. उद्यापासून दुपारी हिरवाच दिसेल."

"काढ तो," आत्या म्हणाल्या.

"अगं आता बरोबर आहे."

"आसू दे बरोबर. काढ. दुपारचा फोन करत जा."

"करतो."

"बघू," त्या म्हणाल्या आणि कुशीवर वळल्या. पिशवी दाराआड तशीच होती. ती उचलायची माझी काही हिंमत झाली नाही.

दिपकने त्याच वेळी दिवा उतरवला. पुढचे दोन दिवस मी दुकान बंद ठेवलं आणि जरीवाल्या नवरीच्या आईला आणखी एक शिवी द्यायची संधी दिली. घरात बसून मला चैन पडत नव्हती. आत्या पेज पीत होत्या, ताक पीत होत्या, माझ्याशी नीट बोलत होत्या, पण मी सारखी दाराआड बघत होते. पहिल्या दिवशी दुपारी दिपकचा फोन आला नाही. कारखान्यात कसला तरी बिघाड झाला होता, असं संध्याकाळी म्हणाला. आत्या "आसंल" म्हणाल्या. मी रात्रीची भाकरी रागारागाने इतकी थापली की ती तव्यावर फाटली.

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकून मी भांडी घासत होते. आत्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसल्या होत्या, जुन्याच जागी. मोबाईल पदरात ठेवलेला. तो वाजला. त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलून कानाला लावला.

"व्हय... जेवले की. तू जेवलास का? आदी डबा उघड मग बोल... फॅन? चालू हाय की."

फॅन चालू नव्हता. मी हातातलं भांडं तसंच धरून बघत राहिले. आत्या फोन कानाला लावूनच हळूहळू उठल्या. त्यांनी चौकटीकडे बघितलं. तिथे आता स्क्रूची दोन भोकं होती. त्या त्या भोकांकडे बघत जरा थांबल्या, मग भिंतीपाशी जाऊन त्यांनी फॅनचं बटण दाबलं आणि तिथेच उभ्या राहून लेकाशी बोलत राहिल्या. काय बोलल्या ते वाऱ्याच्या आवाजात मला ऐकू आलं नाही.

फोन ठेवल्यावर त्या माझ्याकडे वळल्या.

"साक्षी, त्या पिशवीतलं पांढरं लुगडं काढ गं. पौर्णिमेला इहारात जायाचं तर नेसाय नको व्हय? चुरगाळलं आसंल."

मी ओल्या हातानेच पिशवी उचलली.

"आन् इस्त्री आत्ताच लाव," त्या म्हणाल्या. "ऊन हाय तवर."